पाळकांची रबरी विजार

एप्रिल अर्धा सरला तरी एल्डर ब्रुकमधल्या रस्त्यांना रस्ता म्हणायची सोय नव्हती. वरचा हातभर थर विरघळून चिखल झालेला आणि खालची जमीन अजून दगडासारखी गोठलेली. पाणी मुरणार कुठे? गाड्या रुतत होत्या, बूट रुतत होते, टिबेट्सांची तांबडी गाय तर पोटापर्यंत रुतून बसली होती आणि तिला बाहेर काढायला अर्धं गाव लागलं होतं. व्हर्ना टिबेट्स रोज सकाळी स्वयंपाकघर घासूनपुसून काढायची आणि तिचा नवरा थर्लो दुपारच्या आत ते पुन्हा शेतासारखं करून ठेवायचा.

त्या दिवशीही तो बूट न काढताच आत आला. हातातल्या दोन जाडजूड रबरी विजारी त्यानं टेबलावर टाकल्या. तिथं ती पावासाठी कणीक मळत होती.

"नदीचा बर्फ फुटला," तो म्हणाला. "या रविवारी बाप्तिस्मा. एवढ्या दोन्ही नीट बघून ठेव. गेल्या वर्षी पाळकांच्या विजारीत पाणी शिरलं. आठवडाभर शिंकत होते बिचारे."

व्हर्नाचे हात कणकेत थांबले.

एल्डर ब्रुकच्या चर्चची ही रीत जुनी. नदीचा बर्फ वाहून गेला की त्याच्या पुढच्याच रविवारी बाप्तिस्मा, मग पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत का असेनात. ज्याचा बाप्तिस्मा व्हायचा तो पांढऱ्या सुती झग्यात. त्याला दोन्हीकडून धरून पाण्याखाली बुडवणारे पाळक आणि त्यांचा मदतनीस डीकन मात्र काळ्या झग्याखाली छातीपर्यंत येणारी, बूट जोडलेली, मासेमारीची रबरी विजार घालणार. वरून झगा, त्यामुळे दिसत काही नाही. गावाला सगळं ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढत नव्हतं. थर्लो डीकन होता, त्यामुळे त्या विजारींना ठिगळं लावायचं काम लग्न झाल्यापासून व्हर्नाच्या गळ्यात पडलेलं होतं.

बिचारे म्हणे! गेल्या वर्षी पाळक दोनदा शिंकले तर गावातल्या बायकांनी त्यांच्या दारात सूपच्या पातेल्यांची रांग लावली होती. आणि तिचा मर्ल? आठ वर्षांपूर्वी याच नदीत, याच पाण्यात त्याला बुडवून काढलं. तेरा वर्षांचं पोर. चर्चच्या मागच्या खोलीत कपडे बदलेपर्यंत त्याचे दात वाजत होते, तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. डॉक्टरांची गाडी डटनच्या चढावर चिखलात रुतली. ते बॅग घेऊन चालत आले, गुडघ्यापर्यंत बरबटलेले, आणि आल्यावर त्यांना नुसते हात धुवायचं काम उरलं होतं. लोक म्हणाले, प्रभूनं त्याला स्वच्छ करून नेलं. थर्लोही तेच म्हणाला, तिच्यासमोर, शवपेटीजवळ उभा राहून. त्या एका वाक्यासाठी तिनं त्याला अजून माफ केलं नव्हतं आणि करायचा विचारही नव्हता.

आता लविना तेरा वर्षांची झाली होती. फेब्रुवारीपासून तिचा खोकला हटत नव्हता.

"लविना उतरणार नाही रविवारी," व्हर्ना म्हणाली.

"उतरणार. नाव दिलंय तिनं."

"तिनं नाही, तू दिलंयस."

"हे बघ व्हर्ना, माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा कुऱ्हाडीनं बर्फ फोडावा लागला होता. नव्वदीपर्यंत जगले."

"मग घे की कुऱ्हाड आणि तूच जाऊन झोप त्यात! पोरीला कशाला ढकलतोस?"

"जीभ सांभाळ. देवाच्या कामात तोंड घालू नकोस," असं म्हणून तो बाहेर गेला. जाताना दारापर्यंत चिखलाची आणखी एक ओळ उमटवून गेला.

व्हर्नानं हात धुतले, शाल गुंडाळली आणि तशीच पाळकांच्या घराकडे निघाली. वाटेत एक बूट चिखलानं ओढून घेतला. तिनं दोन्ही हातांनी तो उपसून काढला आणि चर्चमध्ये कधी न उच्चारलेले चार शब्द त्या बुटाला ऐकवले.

पाळक क्रॉकेट गोल चेहऱ्याचे, हसतमुख. ते शेगडीजवळ बसून सफरचंदाची गोड पाई खात होते.

"जुलैत करा," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "पाणी तेच, देव तोच. फक्त ऊन जास्त असेल. पोरीची छाती भरलीय, पाळकसाहेब."

"व्हर्नाताई," पाळकांनी ओठ पुसले, "थंडी मनात असते हो. विश्वास असला की ऊब आपोआप येते. आणि मी नसतो का त्या पाण्यात? सगळ्यांत जास्त वेळ तर मीच उभा असतो!"

व्हर्ना त्यांच्याकडे बघतच राहिली. या माणसाला आपण काय बोललो ते कळतसुद्धा नव्हतं. पायाच्या नखापासून छातीपर्यंत रबरात गुंडाळलेला हा माणूस तिला थंडीबद्दल शिकवत होता, आणि त्याच्या रबराला ठिगळं कुणी लावली होती? तिचं डोकं असं भणाणलं की टेबलावरची पाई उचलून त्याच्या तोंडावर मारावी असं तिला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "खरंच की. तुम्हीही असताच."

घरी आली तेव्हा लविना चुलीजवळ बसून आपल्या पांढऱ्या झग्याची शिवण उसवून खाली सोडत होती. पोरगी हिवाळ्यात उंच झाली होती.

"आई, मर्लला फार थंड लागलं होतं का गं?"

"तुला जायचंय का लविना? खरं सांग."

लविनानं दातानं दोरा तोडला. मग खोकली आणि म्हणाली, "बाबा म्हणतात, भिणं म्हणजे विश्वास नसणं. मी भीत नाही म्हटलंय त्यांना."

व्हर्नानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला वर झोपायला पिटाळलं. मग तिनं विजारी उलट्या करून टेबलावर पसरल्या. मांड्यांच्या आतल्या बाजूला, कमरेखाली, वर्षानुवर्षांची ठिगळं होती, एकावर एक. तिनं चाकूनं ती सगळी सोलून काढली. खालच्या भेगा बोटानं चाचपून पाहिल्या आणि जिथं भेग लहान वाटली तिथं ती मोठी केली. मग ठिगळं होती तिथं पुन्हा बसवली, पण रबराच्या गोंदानं नाही, पिठाच्या खळीनं. काम सुबक झालं. थर्लोनं दुसऱ्या दिवशी विजारी उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाला, "छान बसलीत." बऱ्याच दिवसांत त्यानं तिचं केलेलं हे पहिलं कौतुक होतं.

रविवारी गाव नदीकाठी जमलं. बायकांचे घागरे पोटऱ्यांपर्यंत माखलेले, पुरुषांनी चिखलावर फळ्या टाकलेल्या. गाणं झालं. पाळक आणि थर्लो काळ्या झग्यांत पाण्यात उतरले. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत काही झालं नाही. पाळकांनी आकाशाकडे हात केले आणि दमदार आवाजात प्रार्थना सुरू केली. व्हर्ना काठावर लविनाचा हात धरून उभी होती, काखेत घोंगडी.

ते दोघं कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि पाळकांचा आवाज फाटला.

आधी एक बारीक किंकाळी आली. मग त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पण शब्द फुटेना. डोळे बाहेर यायचे बाकी होते. झगा गोळा करून ते काठाकडे वळले, पण विजारीत नदी भरलेली, पाय उचलेनात. दोन जणांनी धरून ओढलं तेव्हा ते चिखलात पालथे पडले आणि त्यांच्या कमरेतून पाण्याचे लोट वाहिले. मागून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

थर्लो मात्र हलला नाही. त्याच्याही विजारीत तेवढंच पाणी शिरलं होतं. त्याचा चेहरा आधी पांढरा, मग जांभळट झाला, जबडा कडकडा वाजायला लागला. तरी तो हट्टानं उभा राहिला आणि हात पुढे केला.

"आण... तिला."

लविना एक पाऊल पुढे झाली. व्हर्नानं तिचा हात असा आवळला की पोरगी कळवळली.

"आणते ना," व्हर्ना काठावरून मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पण प्रार्थना अर्धीच राहिली, डीकनसाहेब. ती पूर्ण करा. घाई काय आहे? थंडी मनातच असते."

थर्लोनं ओठ हलवले. पहिले दोन शब्द आले, तिसरा आला नाही. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकला. तो बायकोकडे बघत राहिला. मग त्याची नजर लविनाच्या झग्यावर गेली आणि तिथंच थांबली. पुढे केलेला हात हळूहळू खाली आला.

"व्हर्ना," तो म्हणाला, "त्याला... असं लागलं होतं?"

"नाही. तुझ्या अंगावर लोकर आहे. त्याच्या अंगावर नुसता सुती झगा होता."

थर्लो पाण्याबाहेर आला. लोकांसमोर त्यानं लविनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि "जुलैत" एवढंच म्हणाला. पाळकांनी चिखलातूनच मान डोलावली. व्हर्नानं घोंगडी पोरीला गुंडाळली आणि मागं वळून न बघता घरचा रस्ता धरला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण राग होता तिथंच होता, उलट वाढला होता. एवढंसं काम! पिठाची एक वाटी आणि एक चाकू!

दुपारी विजारी चुलीवरच्या दोरीवर टांगल्या होत्या. एका ठिगळाचा कोपरा सुटून लोंबत होता आणि त्यावरून पांढरं पाणी थेंबथेंब गळत होतं. थर्लो पाय गरम पाण्याच्या घमेल्यात घालून बसला होता. बराच वेळ तो त्या ठिगळाकडे बघत राहिला.

"तू केलंस हे."

"हो."

ती भांडणाच्या तयारीतच होती. आठ वर्षं साठवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण थर्लो ओरडला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"तेव्हा का नाही केलंस?" त्यानं विचारलं.

"आता तेही माझ्याच माथी मारणार का?" ती किंचाळली आणि हातातली तवी तिनं भिंतीवर फेकली. तवी आपटून जमिनीवर गोल फिरत राहिली.

वर लविना खोकली. व्हर्ना तिच्यासाठी दूध तापवायला उठली. चुलीजवळ जाताना टांगलेली ओली विजार तिच्या खांद्याला लागली. ती तिनं हातानं बाजूला सारली.

मर्लच्या वर्षीची ठिगळंही तिनंच लावली होती. जीव ओतून, रबराच्या गोंदानं. तेव्हा एक थेंबसुद्धा आत गेला नव्हता.