नागदेवीवरचे दोन चाकू

नलू फाटकच्या लग्नाला घरात सगळे राजी होते, फक्त नलूचं मन होत नव्हतं. मुलात खोट नव्हती. हेरंब साने माहीमला राहायचा, विमा कंपनीत नोकरीला होता, बोलायला मऊ होता. पण साखरपुडा झाल्यापासून तो दोनदा गिरगावात येऊन गेला, आणि काहीही विचारलं तरी एकच म्हणायचा, "तुम्ही म्हणाल तसं." चहा की सरबत, तुम्ही म्हणाल तसं. चौपाटीवर जायचं की घरीच बसायचं, तुम्ही म्हणाल तसं.

"ह्यांच्याशी मी जन्मभर बोलणार काय?" नलूने शेजारच्या बेबीला विचारलं.

"माझा नवरा माझं एक ऐकत नाही," बेबी म्हणाली. "बदली करतेस?"

ते साठ सालच्या एप्रिलचे शेवटचे दिवस होते. एक मेला मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य होणार होतं. ज्या चाळीने चार वर्षांपूर्वी अश्रुधूर खाल्ला होता, तिने आता प्रत्येक दारावर कंदील लावायचं ठरवलं होतं. नलू शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणून कंदिलांचं काम तिच्याकडे आलं. बायका गॅलरीत बसून घरच्या सुऱ्यांनी बांबूच्या कामट्या तासू लागल्या. दुसऱ्याच दिवशी बेबीच्या रांगत्या मुलीने खाली ठेवलेली उघडी सुरी उचलली. बेबीने झडप घातली म्हणून निभावलं. मग ठरलं की नलूने नागदेवीच्या बाजारातून घडीचे चाकू आणायचे. खाली ठेवायचा तो मिटूनच. मात्र वर्गणीत बसतील असेच.

"नागदेवीला एकटी कशाला जातेस?" अण्णा, नलूचे वडील, म्हणाले. "हेरंबराव यायचेच आहेत. त्यांना घेऊन जा."

नागदेवी स्ट्रीटवर एका बोहरी शेठच्या दुकानात त्यांच्यापुढे चाकू मांडले गेले. शिंगाच्या मुठीचे, लाकडी मुठीचे, एक तर शिंपल्याच्या मुठीचा, त्याला बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही होता.

"दारूबंदीत हा कोण घेतं?" नलूने विचारलं.

"औषधाच्या बाटलीलापण बूच असतेच ना, बाई," शेठ गंभीरपणे म्हणाला.

नलूने पितळी मुठीचा एक उचलला. मुठीवर वेलबुट्टी कोरलेली होती आणि किंमत ऐकून तर तिला आश्चर्यच वाटलं, इतका तो स्वस्त होता. खाचेत नख घालून तिने पातं उघडलं. ते अलगद उघडलं. "हाच. दोन द्या."

हेरंबने घसा खाकरला. "हा नको."

नलूने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"पातं फार सहज उघडतंय," तो म्हणाला. "म्हणजे तितक्याच सहज मिटेल. स्प्रिंगमध्ये जोर नाही. कॉलेजात असताना मी असलाच एक घेतला होता, नक्षी बघून." त्याने डावी तर्जनी पुढे केली. पेरावर आडवा पांढरा व्रण होता. "पेरू कापत होतो."

"एक चाकू वाईट निघाला म्हणून सगळे वाईट?"

"हा वाईट आहे." त्याने पातं धरून बाजूला हलवलं. ते डुगडुगलं. मग साध्या लाकडी मुठीचा एक जाडजूड चाकू उघडला. टक् असा आवाज झाला. "हा बघा. हलत नाही."

नलूने तो हातात घेतला. चाकू खरोखर पक्का होता, पण तिची बोटं मुठीभोवती पुरती वळेनात. "ही मूठ तुमच्या हाताची आहे. काम आम्ही बायका करणार. दिवसभर हा धरला तर संध्याकाळी वेणी घालायला हात उरणार नाही."

"पण पातं..."

"पातं चांगलं आहे. मूठ नको."

"मग ह्याच घडणीचा लहान बघू," हेरंब म्हणाला, आणि त्याचा आवाज बराच चढला होता. शेठने स्टूलवर चढून मागचा खोका काढला. त्यातले चाकू दोघांनी एकेक करून उघडले, मिटले, हलवून पाहिले. नलूने पर्समधली पेन्सिल तासून पाहिली. पण एकाही चाकूवर दोघांचं जुळेना. शेवटी शेठच म्हणाला, "एक बाईंचा, एक साहेबांचा. घरी जाऊन भांडा."

तसंच झालं. हेरंब गॅलरीत बायकांमध्ये मांडी घालून बसला आणि कामट्या तासू लागला. नलूने पाच कोनांचा सांगाडा बांधायला घेतला, तर तो म्हणाला षटकोनी जास्त भक्कम होईल. नलू म्हणाली, भक्कम कशाला, कंदिलावर कुणी बसणार आहे का? ते इतका वेळ चाललं की अण्णांनी तिला हळूच आत बोलावलं.

"काही बिनसलं का गं? आत्ताच सांग. अजून वेळ गेलेली नाही."

"नाही हो अण्णा," नलू म्हणाली. तिच्या गालांवर रंग चढला होता. "तुम्ही मुहूर्ताचं बघा. पावसाळ्याआधीचा."

अण्णा पंचांग शोधायला लागले. बाहेर हेरंब बेबीला सांगत होता की कागद चिकटवायची खळ पातळ झाली आहे. बेबी म्हणाली, मग स्वतः शिजवून आणा. तो खरंच उठला आणि पातेलं घेऊन नलूच्या स्वयंपाकघराकडे निघाला.