काउंटरखालचे चाळीस डबे

लोणावळ्याच्या बाजारात अजीजुन्निसा बावीस वर्षं भाड्याच्या दुकानात चिक्की विकत होती. गिऱ्हाईक रेंगाळलं की आधी त्याच्या हातावर फुकटचा तुकडा ठेवायचा, मग म्हणायचं, "ताई, काजूचा शेवटचाच डबा उरलाय बघा." काउंटरखाली चाळीस डबे असायचे, ते कोणाला दिसत नसत.

आता तिला मालकीचं दुकान हवं होतं. पोटाला चिमटा काढून साठवलेले बारा लाख बँकेत होते. वराळ्याच्या नव्या इमारतीतला गाळा बघायला ती लेकीला, सुमय्याला, घेऊन आली होती. गोरख दलालाने आल्या आल्या दोघींच्या हातात शहाळी दिली आणि घड्याळ बघत म्हणाला, "मावशी, ह्यो शेवटचा गाळा. मुंबईची पार्टी उर्स्याच्या टोलनाक्यावर आलीया. आत्ता इसाराचा चेक दिला तर तुमचा, न्हाईतर गेला."

गेला म्हणजे? तिचं दुकान जाणार? अजीजुन्निसाने चेकबुक काढलंसुद्धा.

"अम्मी, हात बघ तुझा," सुमय्या हळूच म्हणाली.

गाळा आतून न बघताच हात चेकवर तारीख घालत होता. मानसशास्त्र शिकणारी ही पोरगी जेवताना सारखी सांगायची, मिळण्याच्या आनंदापेक्षा हातचं जाण्याची धास्ती मनाला फार मोठी वाटते, आणि धास्तावलेला मेंदू धड विचार करत नाही. अजीजुन्निसा तेव्हा "भाजी वाढ" म्हणून विषय उडवून लावायची. आता तिची नजर शहाळ्यावर गेली. फुकटचा तुकडा! शेवटचा गाळा! अरे, हा पठ्ठ्या तिचीच दुकानदारी तिच्यावर चालवत होता!

तिला हसू फुटलं. "भाऊ, येऊ दे त्या पार्टीला. घेऊ दे गाळा."

पुढचे तीन दिवस मात्र तिला घास गोड लागेना. खरंच गेला तर? दोनदा फोन उचलला, दोनदा खाली ठेवला. चौथ्या दिवशी गोरखचाच फोन आला. मुंबईच्या पार्टीचं फिसकटलं होतं म्हणे. शेवटच्या गाळ्याचे आता तीन गाळे झाले होते.

अजीजुन्निसाने रस्त्याकडचा कोपऱ्यावरचा निवडला, दीड लाख कमी करून घेतले, कागद वकिलाला दाखवले आणि मगच सही ठोकली. तिला भर रस्त्यात नाचावंसं वाटत होतं.

निघताना तिने काजूचिक्कीचा डबा गोरखच्या हातावर ठेवला.

"घ्या भाऊ. शेवटचाच उरलाय."

पिशवीत आणखी पाच होते. तिने ते लपवले नव्हते.