हळदीची चिंधी

शाळेच्या समुपदेशक राजश्री मॅडमनी पत्र धाडलं दोन ओळींचं. ‘मुलीला समुपदेशनासाठी शाळेत घेऊन यावे.’ हेतू चांगला होता. नववीतली सबिहा विज्ञानाच्या तासाला तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची, आणि शिवयोगी सरांनी निकाल देऊन टाकला होता, ‘हिला विज्ञान झेपायचं न्हाई.’ परस्पर काही करण्यापेक्षा आधी घरच्यांशी बोलावं, असं मॅडमना वाटलं.

पण भवानी पेठेत पत्र फोडतात एका घरात आणि वाचते सगळी गल्ली. पहिल्या बोळात पोरीला नुसती चक्कर आली होती. दुसऱ्या बोळात ती फाडफाड इंग्रजी बडबडायला लागली. तिसऱ्या बोळापर्यंत तर तिनं म्हणे प्रयोगशाळेतल्या सांगाड्याशी निकाह लावला होता आणि सांगाडा ‘कबूल’ म्हणाला होता! मैंदर्गीहून आत्याचा फोन आला, पोरीला ताईत बांधा.

बाप बडेसाबनं ताईत बांधला नाही. शाळा बंद केली.

दहाव्या दिवशी मॅडम त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. अंगणात रंगाचे हौद होते, दोरीवर सुताच्या ओल्या लडी लोंबत होत्या.

“आमची पोरगी येडी न्हाय, मॅडम,” बडेसाब म्हणाला. बसा म्हणाला नाही.

“नाहीच. चूक माझी झाली. आधी मी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं. मला माफ करा.”

“माफी माझ्या कानात सांगून काय उपेग? पत्र गल्लीनं वाचलंय की.”

मॅडमची मान खाली गेली तेव्हा हौदाशी बसलेली सबिहा दिसली. तिनं एक लड पिळली, पाण्याचे थेंब पिवळ्या चिंधीवर पाडले. चिंधीवर लाल डाग उमटले.

“अम्मी, अभी नै. सोडा है इसमें. और दो पानी.”

आई मुमताजनं निमूट लड आणखी दोनदा धुवायला परत पाण्यात टाकली. चाळीस लडींचा रंग त्या पोरीच्या शब्दावर टिकत होता.

“ही चिंधी कसली गं?” मॅडमनी विचारलं.

“हळदीची, मॅडम. रंगातला सोडा लडीत राहिला तर लाल होते. तसंच सुकवलं तर सूत कडक होतं, रंग सुटतो.”

आम्ल-आम्लारीच्या याच धड्यात तिला शून्य मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीदेखत, मॅडम शिवयोगी सरांना घेऊन आल्या. सर यायला तयार नव्हते. “मी शिकवायला कमी पडलो म्हणता का?” “व्हय सर, आणि मीही,” असं मॅडम म्हणाल्या तेव्हा ते चपला घालून निघाले. दोन गल्ल्या दारात गोळा झाल्या, सांगाड्याकडचं वऱ्हाड आल्यासारख्या.

सरांनी घसा साफ केला. “सबिहा, आम्लारी म्हणजे काय? व्याख्या सांग.”

पोरगी मुकी. गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बडेसाबचा चेहरा काळवंडला. मॅडमना वाटलं, संपलं आता सगळं.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “तिची आई विचारते तसं विचारा.”

सर अवघडले. मग धोतर सावरून हौदाशी उकिडवे बसले, स्वतः एक लड उचलली. “ही सुकवायला टाकू का गं?”

“न्हाई सर! आधी पिळा. असं न्हाई, जोरात.” तिनं त्यांच्या हातातली लड नीट धरवली, थेंब चिंधीवर पाडले. “लाल झालं, म्हणजे सोडा हाय. आता याच डागावर लिंबू पिळा. बघा, परत पिवळं. सोडा मेला.”

“का मेला?”

“आंबट आणि सोडा एकमेकाला खातात.” ती थांबली. “पुस्तकात यालाच उदासिनीकरण म्हणतात ना, सर?”

गल्लीतलं हसू कुठल्या कुठं गेलं. सरांनी ती चिंधी उचलून उजेडात धरली.

बडेसाबनं गल्लीकडं पाहिलं नाही, मॅडमकडंही नाही. “जाशील शाळेत?” त्यानं लेकीला विचारलं.

“सर असंच विचारणार असतील तर.”

सगळ्यांची तोंडं सरांकडं वळली. त्यांच्या बाहीतून लडीचं पाणी ठिबकत होतं.

“मला असं विचारता येत न्हाई,” शिवयोगी सर म्हणाले. “शिकावं लागंल.”