पाच वाद्यांची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. आपली कहाणी गोड आवाजात सांगायची पद्धत असते. ती मला आज जमणार नाही.

एक क्लॅरिनेट, दोन व्हायोलिन, त्यांच्यापेक्षा थोडा मोठा नि जाड आवाजाचा एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी लिहिलेली रचना माझ्यात छापली आहे. वाजवणाऱ्यासमोर फक्त त्याच्या वाद्याचे कागद असतात. पाचही वाद्यांच्या ओळी एकाखाली एक दिसतात त्या माझ्यातच. मी टेबलावर सपाट उघडावी म्हणून छापखान्यातल्या बाईंनी माझी शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली होती.

माझे पहिले मालक क्लॅरिनेटचे मास्तर. नवी रचना घेतली की शिष्यांना आठवडाभर ते वाद्याला हात लावू देत नसत. "आधी वाच. इथे धून कुणाकडे आहे? तू पुढे आहेस की साथीला?" धून एका वाद्याकडून दुसऱ्याकडे गेली की ते पेन्सिलीने बाण काढत. त्यांचं वादन ऐकून लोक म्हणत, पाच जण गप्पा मारताहेत असं वाटतं. माझा ऊर भरून यायचा.

मास्तर गेले आणि मी त्यांच्या लाडक्या शिष्येकडे आले. तिची थोरली बहीण व्हायोला वाजवायची. घरात तालमी सुरू झाल्या आणि मला काम काय मिळालं? चहाचा ट्रे डोक्यावर घ्यायचं!

धाकटीने अभ्यास केला नाही असं नाही. खूप केला, पण स्वतःच्याच कागदांवरून. दुसऱ्या भागाच्या मध्यावर तिच्या वाट्याला भराभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या सुरांची नक्षी आहे. तिथे तिने लाल पेनाने लिहिलं, 'माझी सगळ्यात मोठी जागा. दणक्यात!' अगं, ती नुसती झालर आहे! धून खाली व्हायोलाकडे आहे, मास्तरांचा बाणही तिथेच आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ताईने महिनाभर सोसलं. मग एका दुपारी वाजवता वाजवता थांबली.

"इथे धून माझ्याकडे आहे गं. जरा हळू वाजवशील?"

"काहीतरीच काय, ताई! इथे सगळं मीच तर करतेय."

"मास्तरांची वही एकदा उघडून तरी बघ."

"मला शिकवू नकोस. तू आपली साथ दे."

ताईने व्हायोला पुसून पेटीत ठेवला, आपले कागद उचलले. "साथ काय, कुणीही देईल," एवढंच म्हणाली आणि गेली. कार्यक्रमाला चार दिवस उरले होते.

बदली वादक मिळाला, पण व्हायोलाचे कागद ताईबरोबर गेलेले. आता ती ओळ हाताने उतरवायची तर माझ्यातूनच! तेव्हा कुठे माझ्यावरचा ट्रे हलला. धाकटी एकेक सूर उतरवत गेली आणि बाणापाशी तिचा हात थबकला. तिने ती धून गुणगुणली. मग पुन्हा एकदा. मग ती रडली. खरं सांगते, मला दया आली नाही.

तिने फोन लावला. "ताई, ती धून तुझीच होती."

"मला माहीत होतं," पलीकडून उत्तर आलं, आणि फोन ठेवला गेला.

कार्यक्रमाला तिने मला सोबत नेलं. ती जागा तिने इतकी हळुवार वाजवली की व्हायोलाचा प्रत्येक सूर ऐकू आला. वाजवणारा मात्र परका होता.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. डाग पडू द्या, पानं फाटू द्या. पण मला उघडा. आधी दुसऱ्याची ओळ वाचा, आणि तो माणूस शेजारी बसलेला आहे तोवर वाचा.