हेरोदाची दाढी

मी एक जुनी दाढी आहे. हसू नका, मित्रांनो! तुमच्या आजोबांच्या दाढीसारखी मी आपोआप उगवलेली नाही. मी हाताने विणलेली, नाटकातली दाढी आहे. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यातल्या मिशनवाडीत, प्रभुदास मास्तरांच्या पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाच्या पाल्यावर माझा मुक्काम असतो. मला पाहायचे असेल तर आधी हात धुऊन या. आणि धाकट्या भावंडांना माझ्याजवळ एकटे सोडू नका, ती सगळे काही तोंडात घालतात.

माझा जन्म लंडनचा. एका म्हाताऱ्या बाईने खिडकीच्या उजेडात बसून बारीक जाळीवर एकेक केस गाठवला आणि मला घडवले. मला विकत घेतले ते मॉसप साहेबांनी. ते नट होते, पण नायक मात्र नव्हते. नायकाचा खडूस सासरा, कडक न्यायाधीश, बोटीवरचा कप्तान, वेडा राजा अशी माणसे ते होत. खेळ संपला की लोक नायकाभोवती गर्दी करत, आणि साहेब मला रुमालात गुंडाळून त्याच गर्दीतून घराकडे निघत. शेजारीच कोणी म्हणे, "तो कप्तान काय खरा वाटला!" साहेब टोपी पुढे ओढून गालातल्या गालात हसत. त्यांचा उघडा चेहरा कोणालाच ओळखीचा नव्हता.

पुढे बोलपट आले. तिथल्या दिव्यांची आच अशी की मला चिकटवायचा डिंक वितळायचा, पण मी जागची हलले नाही. एकदा तर पडदाभर फक्त साहेबांचे दोन डोळे आणि मी! अभिमान वाटणारच की.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात साहेब एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर हिंदुस्थानात आले. दौंडला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये खेळ होता. समोर गार्ड, ड्रायव्हर, त्यांची बायकामुले आणि मुद्दाम एस.टी.ने आलेले आमचे प्रभुदास मास्तर. दुसऱ्या अंकात साहेबांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मी त्या ओठांना चिकटलेली, त्यामुळे सगळ्यात आधी ते मला कळले. विंगेतून कोणी तरी वाक्य सांगितले, तेही त्यांना ऐकू गेले नाही. मागून एक शिट्टी वाजली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना ताप भरला. मंडळी मद्रासच्या मेलने पुढे गेली. व्यवस्थापक म्हणाला, "तुम्ही विश्रांती घ्या." पण जाताना त्याने साहेबांची सगळी कामे दुसऱ्या नटाला देऊन टाकली. तेव्हा खेळानंतर दौंडातच मुक्कामाला राहिलेल्या मास्तरांनी साहेबांना आपल्या घरी आणले.

मास्तरांच्या पत्नी मार्थाबाई. त्यांचा पहिला मुलगा नथानिएल तेव्हा पाच महिन्यांचा होता. बाई त्याला पदराआड घेऊन वावरत. डास, वारा, मांजर, शिंकणारा माणूस, सगळ्यांवर त्यांची नजर. "सायबाचा ताप लेकराला लागंल," म्हणून त्यांनी साहेबांची खाट ओसरीच्या पार टोकाला टाकली, त्यांचा पेला वेगळा उकळला. पण गरम पेज द्यायला कधी विसरल्या नाहीत. ताप उतरला, तरी साहेब खाटेवरच बसून असत. एकदा ते मास्तरांना म्हणाले, "तोंड उघडलं की शब्द येईल, हा भरवसा गेला की नट संपला. मी आता घरी जाऊन बाग करणार."

नाताळ जवळ आला होता. मित्रांनो, त्या दिवशी वाडीत येशूच्या जन्माचे नाटक होते. त्या वर्षीचे सगळ्यात लहान लेकरू येशू म्हणून गव्हाणीत निजवतात. आणि बाळांना मारायला निघालेला दुष्ट हेरोद राजा थेट गव्हाणीपाशी येतो. शास्त्रात, म्हणजे बायबलात, तो तिथे येत नाही, पण वाडीतल्या लोकांना त्याशिवाय मजा येत नाही. अडचण एकच होती. हेरोद व्हायला कोणी तयार होत नसे.

"न्हाई बाबा," आदल्या वर्षीचा हेरोद संपत म्हणाला, "वरीसभर पोरं मला बघून आईमागं लपत्यात. बाया माझ्या बायकोला हेरोदीण म्हणत्यात. ती म्हणती, पुन्ना राजा झाला तर भाकरी राजवाड्यातनंच मागवा."

तेव्हा म्हाताऱ्या दयाबाईंनी ओसरीच्या टोकाकडे बोट दाखवले. "ह्यो सायेब रिकामाच बसलाय की. आन् दाढी बी त्याच्यापाशी आयती हाय."

साहेब नको नको म्हणत होते. पण हेरोदाला वाक्य एकच होते. 'लेकरू कुठं हाय?' ते त्यांना मार्थाबाईंनीच शिकवले, तांदूळ निवडता निवडता. साहेब म्हणत, "लेकडू कुटं आय?" बाई हसून लोटपोट होत. "हाय, सायेब, हाय! पोटातनं काढा." साहेब अंगणात फेऱ्या घालत पुटपुटत राहत. एवढे एक वाक्यही विसरलो तर? ही धास्ती मला त्यांच्या हनुवटीतून कळत होती.

गव्हाणीत नथानिएल असणार हे ठरले, तेव्हा मार्थाबाईंनी अट घातली. "मग मरीया मीच हुनार. माझं लेकरू दुसऱ्याच्या हाती न्हाई देनार." त्यामुळे मरीयेचा नवरा योसेफ झाले मास्तर.

नाताळच्या दुपारी शाळेच्या अंगणात सारी वाडी जमली. शेजारच्या मळ्यातले हौसरावही घरच्यांना घेऊन आले होते. ते नाताळ पाळत नसत, पण नाटक चुकवत नसत. साहेब आले. गव्हाणीपाशी थांबले. ओठ उघडले, आणि शब्द नाही! माझ्या कडेने घाम उतरू लागला. मला वाटले, झाले, दौंडचेच पुन्हा. पण मग साहेब वाकले आणि अगदी हळू, मायेने विचारावे तसे बोलले, "लेकरू कुठं हाय?"

मित्रांनो, ते ओरडले असते तर लोक हसले असते. त्या हळू बोलण्याने मात्र अंगावर काटा आला. नाटकात देवदूत येऊन सावध करतो, मगच मरीया बाळाला घेऊन निघते; पण मार्थाबाईंनी त्याची वाट पाहिली नाही. नथानिएलला उचलले आणि त्या अंगणातून पळत सुटल्या. घरात शिरून कडी लावली. इकडे हौसराव काठी घेऊन पुढे झाले. "ए राज्या! लेकराला हात लावशील तर गाठ माझ्याशी हाय!"

मास्तर दारावर थापा मारू लागले. "अगं मार्था, दार उघड. नाटक ऱ्हायलंय."

"आदी त्याला घालवा!"

"अगं, आपले साहेब ते! वाक्य तूच शिकवलंस ना?"

"म्या हाय ते शिकवलं. असं बोलायला न्हाई शिकवलं!"

तेव्हा साहेब दारापाशी गेले. त्यांनी मला ओढून काढले. हनुवटी लाल झाली, डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मला दाराच्या फटीपुढे धरले. दार किलकिले झाले. बाईंनी आधी मला पाहिले, मग तो उघडा, घामेजलेला, घाबरलेला चेहरा कितीतरी वेळ न्याहाळला.

"अगं बाई, तुम्हीच व्हय!" त्या रडता रडता हसल्या. मग साहेबांच्या हातांकडे पाहून म्हणाल्या, "हात धुवा आदी." साहेबांनी हात धुतले. आणि बाईंनी आपले लेकरू सगळ्यांसमोर त्यांच्या हातांवर ठेवले.

हौसरावांनी काठी खाली टाकली. "मास्तर, हा मानूस शब्द इसरतो म्हनत हुता? आरं, याच्या एका शब्दानं माझ्या हातात काठी आली!" मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितले. साहेबांनी त्यांना ते पुन्हा सांगायला लावले.

जाताना साहेब मला इथेच ठेवून गेले. तेव्हापासून वाडीत रीत पडली. नाटक संपले की हेरोद मला उतरवतो, हात धुतो आणि गव्हाणीतले लेकरू सगळ्यांसमोर उचलून घेतो. हेरोदीण हा शब्द पाणवठ्यावरून गेला.

मध्ये माझे वाईट दिवसही आले. कोणीतरी मला अडगळीत टाकले, उंदरांनी एक कोपरा कुरतडला, आणि एका पोरीने माझी बाहुलीसाठी उशी केली. मार्थाबाईंनी मला शोधून काढले, रिठ्याच्या पाण्याने धुतले, रुंद फणीने विंचरले.

नथानिएल आठ वर्षांचा झाला तेव्हा मास्तर, मार्थाबाई आणि तो दौंडच्या त्याच हॉलमध्ये इंग्रजी चित्रपट पाहायला गेले होते. पडद्यावर एक म्हातारा पाद्री आला. ना दाढी, ना मिशी. मार्थाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "अहो, आपला हेरोद!" मागचे लोक म्हणाले, "बाई, खाली बसा." पण ज्यांना लंडनमध्ये त्या चेहऱ्यावरून कोणी ओळखले नव्हते, त्यांना दौंडात मार्थाबाईंनी ओळखले! घरी आल्याबरोबर बाईंनी पेटी उघडली आणि मला सांगितले, "तुझ्याबिगर बी झ्याक बोलला गं. एक शब्द इसरला न्हाई."

मित्रांनो, मला जराही वाईट वाटले नाही. तुमच्या वाट्याला एकच वाक्य आले तरी ते पोटातून बोला. नाटकात जो दुष्ट होतो त्याला घरी गेल्यावर चिडवू नका, त्याच्याकडे लेकरू द्या. आणि आम्हा जुन्या वस्तूंना थोडा पाला, थोडे ऊन दाखवत जा.

नाताळ आता जवळ आला आहे. यंदा हेरोद व्हायला वाडीत तिघे जण भांडत आहेत. त्यांतला एक, एकेकाळी 'न्हाई बाबा' म्हणणारा संपत आहे, आणि आज सकाळी माझा पाला बदलून गेली ती त्याचीच बायको.