अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरचा चेहरा

"आला! आला!" पुढच्या रांगेतला शिंपी ओरडला आणि माझ्या सासूबाईंच्या दिवाणखान्यातली सगळी माणसं ताडकन उठून उभी राहिली.

मधोमध स्टुलावर माझ्या मेहुण्याचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर लोकांकडे पाठ करून गुरगुरत होता. त्याच्या मागच्या काळ्याभोर फळीवर एक पांढरा चेहरा उमटत होता. आधी कपाळावर आलेली झुलपं, मग डोळे, मग ते तिरकं हसू. हुबेहूब झुलप्या! माझा मेहुणा, गेल्या वर्षी अपघातात गेलेला.

"बघा! आत्मा नेहमी मागच्या दाराने येतो!" मेलेल्यांचे आत्मे बोलावणारा सूरबाबा गरजला. काळा चष्मा, पांढरेशुभ्र बूट, गळ्यात गिटारच्या तारांची माळ. "आत्मा म्हणजे कंपन! कंपन म्हणजे लहर! लहर म्हणजे ऊर्जा! आणि ऊर्जा म्हणजे..."

ऊर्जा म्हणजे काय, हे तो कधीच सांगत नसे. तिथे पोचला की डोळे मिटायचा. लोकही मिटायचे.

मी जावई. सासुरवाडीत तोंड उघडलं की लोक आधी तोंडाकडे बघतात आणि मग बायकोकडे. म्हणून गप्प होतो. चेहरा यायला बराच वेळ लागे आणि तेवढा वेळ बाबाची बडबड चाले. पाठ तेवढी उघडी ठेवून अ‍ॅम्पला जाडजूड शाल पांघरलेली असे, "आत्म्याच्या मानासाठी". सुरुवातीला 'शुद्धीकरणासाठी' म्हणून तो अ‍ॅम्प त्याने स्वतःच्या घरी नेऊन ठेवला होता. सोबत झुलप्याचा एक फोटोही मागून घेतला होता.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या दिवशी बाबा सासूबाईंना म्हणाला, "माउली, रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा. त्यांच्या कडवटपणाने तुमचा मुलगा दूर जातोय."

सासूबाईंनी गोळ्या खरंच बंद केल्या. पुढच्याच आठवड्यात भांडी घासताना त्यांना भोवळ आली. नळ धरला म्हणून पडल्या नाहीत.

"आई, डॉक्टरांना विचारलंस का?" माझ्या बायकोने विचारलं.

"डॉक्टरांनी माझ्या लेकाला परत आणलं का?" सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

माझी बायको शाळेत चित्रकला शिकवते. त्या दुपारी स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "तू त्या चेहऱ्याचे डोळे नीट पाहिलेस?"

"पाहिले की. तुझ्या भावाचेच आहेत."

"बुबुळाच्या दोन्ही बाजूंना बारीक फटी आहेत. ओठांच्या मध्येही. या अ‍ॅम्पच्या पुढच्या बाजूला मी त्याला बगळ्यांची रांग रंगवून दिली होती, आठवतं? पुठ्ठा कापून साचा केला होता. साच्यात डोळा कापायचा तर बुबुळाचा तुकडा सुटून खाली पडतो. म्हणून त्याला बारीक पट्ट्यांनी अडकवून ठेवावं लागतं. त्या पट्ट्यांखाली रंग जात नाही, तिथे फट राहते."

"म्हणजे?"

"म्हणजे हा चेहरा साच्याने रंगवलाय. आत्म्याला कशाला हवाय पुठ्ठा?"

"पण मग तो येतो-जातो कसा?"

तिने फडताळातून एक कप काढला. शाळेतल्या मुलांनी दिलेला. त्यात गरम चहा ओतला. काळ्या कपावर हळूहळू पिवळं फूल उमलायला लागलं. मी कपाकडे बघतच राहिलो.

पुढच्या बैठकीला बाबाने बटणाला हात लावायच्या आत माझी बायको पुढे झाली. अ‍ॅम्पची वायर काढून तिने माझ्या हातात दिली आणि फळीच्या वरच्या भागावर सासूबाईंची गुडघा शेकायची गरम पाण्याची पिशवी दाबून धरली. थोड्या वेळाने बाजूला केली. झुलपं आणि डोळे हजर!

"बहिणीच्या मायेने आला!" बाबाने लगेच सूर पकडला.

"आणि हा बाकीचा?" तिने विचारलं. "मायेने अर्धाच आला?"

कोणीतरी फिसकन हसलं. तिने फळीवर ओला थंड टॉवेल ठेवला. चेहरा गेला. मग पिशवी शिंप्याच्या हातात दिली. त्याने बिचकत ती खाली टेकवली. या वेळी नुसतं हसू आलं. डोळे नाहीत, कपाळ नाही.

"चेहऱ्यावर काळा रंग दिलाय. गरम झाला की तो पारदर्शक होतो," ती म्हणाली. "अ‍ॅम्पच्या आत बल्बसारख्या काचेच्या नळ्या असतात, त्या तापतात, शाल ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. फळी तापेपर्यंत हे भाषण करतात."

बाबा दाराकडे सरकला. "शंकेखोरांच्या घरात ऊर्जा टिकत नाही!"

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. त्या उठून फळीजवळ गेल्या. तिरकं हसू पुसट होत चाललं होतं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. "म्हणजे तो आलाच नव्हता?"

"नाही, आई." माझी बायको म्हणाली. "तो येणार नाही."

"मग मी इतके दिवस त्याच्याशी बोलत होते ते?"

"ते त्याच्याशीच बोलत होतीस. ऐकणारा भामटा होता, एवढंच."

सासूबाईंनी फळीवरचा तळवा काढला. मग बाबाकडे वळल्या. "माझ्या लेकाचा फोटो काढ. आत्ता." त्याने मुकाट्याने खिशातून काढून दिला. त्या तो उराशी धरून, लेकाच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर मोकळेपणाने रडल्या.

लोक खाली माना घालून निघायला लागले, तेव्हा माझी बायको म्हणाली, "लाजू नका. जिवाला लागलं की कोणीही फसतं. पण गेलेल्या माणसाची आठवण काढायला मध्ये दलाल लागत नाही. औषध सुरू करायचं की बंद, ते डॉक्टरांना विचारा. आणि पुन्हा कुठे चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी हात लावून बघा."