काचेवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. गच्चीवरून चांदणं दाखवणारी नव्हे, बंदुकीच्या पाठीवर बसणारी. घाबरू नका! माझ्या बंदुकीतून गोळी सुटत नाही, भुलीची सुई सुटते. वाट चुकून वस्तीत शिरलेल्या जनावराला झोपवायचं आणि पुन्हा रानात सोडायचं, हे आमचं काम. वसईच्या प्राणिवैद्य डॉक्टर जागृती या माझ्या मालकीणबाई.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा पोटातली हवा काढून कोरडा वायू भरला. म्हणून नायगावच्या खाडीवरच्या दमट हवेतही माझ्या काचा आतून कधी धुरकटल्या नाहीत. माझ्या कमरेला एक कडं आहे. ते फिरवलं की समोरचं तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दिसतं. पण कडं कुठंही असो, माझा नेम तसूभर हलत नाही. डोळा चार बोटं लांब ठेवला तरी चित्र पुरं दिसतं, म्हणून बंदुकीच्या दणक्यानं कुणाची भुवई फुटत नाही. आपलीच फुशारकी मारू नये म्हणतात, पण खरं ते खरं! लोकांना मात्र मोठ्या आकड्याचंच वेड. आमच्या गाडीचा चालक शत्रुघ्न मला हातात घेतो तेव्हा कडं हमखास नऊवर नेऊन ठेवतो.

गेल्या दसऱ्याला त्यानं सगळ्या सामानाची पूजा मांडली. जाळं, पिंजरा, गाडीचं स्टिअरिंग, सगळ्यांना हळदकुंकू. माझी पाळी आली तेव्हा त्यानं ओलं बोट थेट माझ्या पुढच्या काचेवर टेकवलं. भाव चांगला होता हो, पण जागा चुकली! मग झाकण लावून त्यानं मला पेटीत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी चिंचोटीजवळून फोन आला.

हरेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात बिबट्या शिरला होता. हरेश्वरनं घाबरून बाहेरून दार लावलं आणि मग त्याला आठवलं, आई पेंढा काढायला आतल्या माळ्यावर चढली आहे. वर सत्तरीच्या धोंडूबाई, खाली बिबट्या आणि मध्ये एक शिडी!

तिथं पोचताच डॉक्टरांनी खिडकीच्या गजांतून नेम धरला. समोर नुसता पिवळा-तांबडा डाग.

"शत्रुघ्न, काचेला काय लावलंस?"

"मॅडम, काल पूजा केली ना..." खिशातला रुमाल काढून तो मला पुसायला धावला.

"घासू नकोस! ओरखडे पडले तर संपलंच सगळं."

आतून धोंडूबाई ओरडल्या, "बाय गो, लवकर कर! वर बघतोय मेला!"

डॉक्टरांनी रबरी फुग्यानं हवा मारून सुटं कुंकू उडवलं, ब्रशनं झटकलं आणि मग काच पुसायच्या औषधाचा थेंब टाकून मऊ कापडानं काच हलकेच टिपली. ती दोन मिनिटं मला दोन वर्षांसारखी वाटली. काच स्वच्छ झाली, तरी दिसेना! कडं नऊवर होतं. इतक्या जवळून नुसते ठिपके दिसत होते. मान कुठली आणि मांडी कुठली, काही कळेना. डॉक्टरांनी कडं तीनवर आणलं. अंधाऱ्या गोठ्यातला अख्खा बिबट्या लख्ख दिसला. त्याचा पंजा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता.

फट्! सुई मागच्या मांडीत बसली. बिबट्या गुरगुरत खाली उतरला, गव्हाणीमागे गेला आणि दहा मिनिटांत गाढ झोपला.

हुश्श! आईला खाली उतरवताना हरेश्वर लहान मुलासारखा रडला. पिंजऱ्याचं दार लागलं तेव्हा डॉक्टर मटकन उंबऱ्यावर बसल्या. धोंडूबाईंनी त्यांचे हात आपल्या हातांत धरले. "घाबरू नको गो पोरी, मी हाय ना," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना काय सोसतं तेही बघा. काच नीट पुसायला दोन मिनिटं पुरतात. ती आधीच द्या. ऐन वेळी तीच कुणाच्या तरी जिवावर बेततात.